चेतासंस्थेची शिडी : एका चित्राची चिकित्सा

प्राण्यांची चेतासंस्था शिकवताना फळ्यावर बहुधा एक ठरावीक चित्र येते. तळाशी चेतापेशी नसलेला स्पंज, त्यावर हायड्राचे चेताजाल, मग प्लॅनेरिया, गांडुळाची गंडिकांची साखळी आणि सर्वांत वर माणसाचा मेंदू. चित्र सुटसुटीत आहे, लक्षात राहणारे आहे. पण त्यामुळे रचनेची गुंतागुंत आणि नात्याची जवळीक या दोन गोष्टी एकच आहेत, असा समज होतो. तो तपासायला समुद्रातील अपृष्ठवंशीय प्राणी सर्वांत उपयोगी पडतात.

या चित्राचा एक पूर्वज प्रसिद्ध आहे. जर्मन प्राणिशास्त्रज्ञ अर्न्स्ट हेकेल यांनी १८७४ साली मानवाच्या उत्क्रांतीवरील ग्रंथात एक वंशवृक्ष छापला. बुंध्याशी एकपेशीय जीव, शेंड्यावर माणूस. सर्व प्राण्यांचे मूळ एक आहे, ही कल्पना या झाडाने डोळ्यांसमोर उभी केली. ते श्रेय त्याला द्यायलाच हवे. दोष असा, की त्याचे खोड सरळ माणसाकडे जाते आणि बाकीचे प्राणी वाटेतल्या फांद्या ठरतात. त्या फांद्या छाटल्या, की आपली शिडी तयार!

आता या शिडीवर तारामासा आणि ऑक्टोपस यांना बसवून पाहू. तारामाशाला मेंदू नाही. तोंडाभोवती एक चेतावलय आणि तेथून प्रत्येक भुजेत गेलेली एकेक चेतारज्जू, हा त्याचा मुख्य पसारा. ऑक्टोपसला सुमारे ५० कोटी चेतापेशी असतात आणि त्यांतील निम्म्याहून अधिक भुजांमध्ये असतात. शिडीवर तो आपल्या शेजारी येईल. वंशवृक्षावर मात्र आपल्याला अधिक जवळचा आहे तो तारामासा. भ्रूणात प्रथम तयार होणारे छिद्र त्याच्यात आणि आपल्यात गुदद्वाराच्या बाजूला येते. रेणवीय पुरावेही सर्वसाधारणपणे याच नात्याकडे बोट दाखवतात. ऑक्टोपस हा गोगलगाय आणि शिंपले यांच्या संघातला. त्याची अन्ननलिका चक्क मेंदूच्या मधून जाते! मोठे मेंदू येथे दोन वेगळ्या वाटांनी घडले आहेत.

शिडीवर फक्त वर चढता येते. पण हर्डमानिया पाहा. प्रौढ प्राणी खडकाला चिकटलेल्या पिशवीसारखा असतो, चेतासंस्था अगदी साधी. त्याच्या डिंभाला मात्र शेपटी, पृष्ठरज्जू आणि पाठीकडची पोकळ चेतारज्जू असते. डिंभ स्थिरावला, की शेपटी शोषली जाते. अशा डिंभांचे पृष्ठवंशीयांशी असलेले साम्य रशियन भ्रूणशास्त्रज्ञ कोवालेव्स्की यांनी १८६६ साली दाखवले आणि हेकेल यांनीही ते उचलून धरले. आजच्या जनुकीय अभ्यासांत तर हाच गट पृष्ठवंशीयांचा सर्वांत जवळचा नातलग ठरतो.

तळाची पायरीही आता डळमळली आहे. टिनोफोरा हे पारदर्शक प्राणी कंगव्यासारख्या पट्ट्यांनी पोहतात आणि त्यांना चेताजाल असते. २०१३ साली त्यांच्यातील एकाचा जीनोम वाचला गेला, तेव्हा त्यांची शाखा स्पंजांच्याही आधी फुटली असावी, असे सुचवले गेले. २०२३ साली गुणसूत्रांवरील जनुकांच्या मांडणीतूनही तसाच निष्कर्ष निघाला. वाद पूर्ण मिटलेला नाही. पण हे खरे असेल, तर स्पंजांनी चेतापेशी गमावल्या किंवा त्या दोनदा स्वतंत्रपणे उद्भवल्या, असे मानावे लागते.

तेव्हा रचनांची तुलना म्हणून फळ्यावरचे चित्र जरूर ठेवावे; त्याला उत्क्रांतीचा क्रम म्हणू नये. शेजारी माणसाला एका बाजूच्या फांदीवर ठेवून वंशवृक्ष काढावा आणि मुलांना विचारावे : तारामाशाला मेंदू नाही, तरी तो आपल्या जवळ का? उत्तर शोधताना त्यांना भ्रूण, डिंभ आणि जनुके यांच्याकडे वळावे लागेल.