पुराणातले रान आणि आपला माळ

अद्भुतकथा वाचल्याने मुलांची वैज्ञानिक दृष्टी बिघडते, असा एक समज शिक्षकवर्गात आढळतो. आम्हांला तो मान्य नाही. झाड बोलते, नदी रागावते, हरणाचा राक्षस होतो, हे वाचून कोणतेही मूल वनस्पतिशास्त्रात नापास झाल्याचे ऐकिवात नाही. अद्भुत भाग अद्भुत आहे, हे मुलांना मोठ्यांपेक्षा लवकर कळते. खरा धोका असतो तो कथेतल्या साध्या भागात. राक्षस खरा नाही हे मूल जाणते. पण तो ज्या रानात राहतो ते रान तसेच असते, असे ते न तपासता धरून चालते.

प्राचीन अरण्यात शिरावे आणि तेथे पुराणकथा जिवंत होऊन समोर याव्यात, ही कल्पना जगभरच्या साहित्यात लोकप्रिय आहे. आपल्याकडची मुलेही आता अशी पुस्तके आणि चित्रपट आवडीने वाचतात, पाहतात. या साहित्याला आम्ही एकच प्रश्न विचारू इच्छितो. यात जिवंत झालेले पुराण राहू द्या. पण ज्या रानात ते जिवंत होते, ते रान लेखकाने पाहिले आहे काय?

रायहोपचे अरण्य

या प्रकारातील सर्वांत नावाजलेली कादंबरी म्हणजे इंग्रज लेखक रॉबर्ट होल्डस्टॉक यांची १९८४ साली प्रसिद्ध झालेली ‘मिथॅगो वुड’. १९८५ साली तिला वर्ल्ड फँटसी पुरस्कार मिळाला. होल्डस्टॉक प्राणिशास्त्राचे विद्यार्थी होते, ही गोष्ट आपल्या दृष्टीने महत्त्वाची आहे. दुसरे महायुद्ध संपल्यावर नायक इंग्लंडमधील आपल्या घरी परततो. घराशेजारी रायहोप नावाचे एक रान आहे. बाहेरून ते लहानसे दिसते. पण आत शिरावे तसे ते मोठे मोठे होत जाते. हिमयुग संपल्यापासून त्याला कुऱ्हाड लागलेली नाही. माणसाच्या मनात खोल दडलेल्या पुराणकथा या रानात देह धारण करतात. ‘मिथ’ म्हणजे पुराणकथा आणि ‘इमॅगो’ म्हणजे प्रतिमा, हे दोन शब्द जोडून लेखकाने या देहांना ‘मिथॅगो’ असे नाव दिले.

कादंबरीचे मोठे बलस्थान असे की, यातली पुराणे एकसाची नाहीत. एकाच वीराची रोमन काळातली, लोहयुगातली आणि त्याही आधीची अशी वेगवेगळी रूपे नायकाला भेटतात. पुराणकथा थरांनी बनते आणि प्रत्येक पिढी आपल्या गरजेप्रमाणे तिला नवे रूप देते, हे लोकसाहित्याच्या अभ्यासकांचे म्हणणे येथे गोष्टीतून मांडले आहे. शिवाय हे पुराण रानातून आपोआप उगवत नाही. त्याला माणसाचे मन लागते.

मग उणीव कोठे आहे? माणसाच्या मनाचे थर ज्याने इतक्या बारकाईने पाहिले, त्या लेखकाने रान मात्र थरांवाचून ठेवले. दहा हजार वर्षे ते जसेच्या तसे उभे आहे, आणि त्याच्या मध्यभागी आहे ती ओकची झाडी.

परागकणांची साक्ष

येथे विज्ञानाची साक्ष काढता येते. तळ्याच्या आणि दलदलीच्या तळाशी दरवर्षी गाळ बसतो व त्या गाळात परागकण अडकतात. त्यांचे बाह्य कवच अतिशय टिकाऊ असते. हजारो वर्षांनीही सूक्ष्मदर्शकाखाली कोणत्या गणाच्या झाडाचा तो कण आहे हे बहुधा ओळखता येते. १९१६ साली स्वीडनच्या लेनार्ट फॉन पोस्ट यांनी थरांप्रमाणे परागकण मोजून जुन्या रानांचा इतिहास लिहिण्याची ही रीत प्रथम मांडली.

या रीतीने पाहिले तेव्हा इंग्लंडच्या सखल भागातील जुन्या रानात ओकपेक्षा लाइम हे झाड अनेक ठिकाणी अधिक होते असे दिसून आले. (हे टिलिया गणातील झाड; आपल्या लिंबाशी त्याचा संबंध नाही.) ही गोष्ट कळायला वेळ लागला, कारण ओकचे पराग वाऱ्यावर उधळतात, तर लाइमचे पराग मुख्यतः कीटक वाहून नेतात. म्हणून गाळात ओकचे कण भरपूर आणि लाइमचे थोडे मिळतात. नुसते कण मोजून भागत नाही, ते कण तेथे कसे आले हेही पाहावे लागते. वर्गात सांगण्यासारखा हा धडा आहे.

केंब्रिजचे वनस्पतिशास्त्रज्ञ ऑलिव्हर रॅकहॅम (१९३९–२०१५) यांनी तर मूळ अरण्याच्या कल्पनेलाच धक्का दिला. इसवी सनापूर्वी ५००च्या सुमारासच निम्म्या इंग्लंडमधील मूळ रान संपले होते आणि १०८६ सालच्या मोजदादीच्या वेळी देशाच्या सुमारे १५ टक्केच भूमीवर झाडी उरली होती, असा त्यांचा अंदाज आहे. जी राने उरली ती माणसाने वापरूनच टिकवली. झाड बुंध्याशी तोडायचे, फुटवे येऊ द्यायचे आणि काही वर्षांनी पुन्हा तोडायचे, असा क्रम शतकानुशतके चालला. ‘प्राचीन रान’ म्हणून आज जे दाखवले जाते, त्याला किती पिढ्यांच्या कुऱ्हाडी लागल्या असतील!

कादंबरी खोटी ठरवण्यासाठी आम्ही हे सांगत नाही. कुऱ्हाड न लागलेले रान हे स्वतःच एक पुराण आहे. मात्र ते जिवंत झालेले आहे, याची जाणीव लेखकाला नाही आणि वाचकालाही होत नाही.

‘जंगल’ या शब्दाचा प्रवास

आता हे इंग्लंडचे रान आपल्याकडे कसे येते ते पाहू. जाफराबाद तालुका पूर्णा आणि केळणा या नद्यांच्या काठी वसलेला. उत्तरेला अजिंठ्याचे डोंगर, खाली काळी जमीन, पाऊस वर्षाला सातशे मिलीमीटरच्या आसपास. येथल्या शाळांतून मुलांनी काढलेली ‘दंडकारण्या’ची चित्रे आम्ही पाहिली आहेत. त्यांत उंच, सरळ, एकमेकांना खेटून उभी असलेली झाडे असतात, खाली अंधार असतो, बुंध्यांवर वेली असतात. बाभूळ, बोर, हिवर, तरवड यांतले एकही नसते. गवत तर नसतेच. घराच्या दारातून जे दिसते ते मुलांच्या लेखी अरण्य नव्हेच.

गंमत अशी की, आपल्या भाषेतला ‘जंगल’ हा शब्दच याच्या उलट साक्ष देतो. त्याचे मूळ संस्कृत ‘जाङ्गल’ या शब्दात आहे. आयुर्वेदाच्या जुन्या संहितांत भूमीचे प्रकार सांगितले आहेत. पाणथळ, दाट झाडीचा तो ‘अनूप’ देश. कोरडा, मोकळा, विरळ आणि काटेरी झाडांचा, हरणे चरतात असा तो ‘जांगल’ देश. म्हणजे मूळ अर्थाने जंगल म्हणजे आपला माळ! फ्रेंच अभ्यासक फ्रान्सिस झिमरमन यांनी १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात या शब्दाचा मागोवा घेतला आहे. पुढे हा शब्द इंग्रजीत गेला, तेथे त्याचा अर्थ घनदाट, ओलसर अरण्य असा रूढ झाला, आणि आज आपणही तोच अर्थ खरा मानतो.

दंडकारण्याच्या सीमा नेमक्या कोठे होत्या हा वाद येथे नको. मात्र गोदावरीच्या खोऱ्यातला आपला पठारी प्रदेश एकेकाळी सलग निबिड अरण्य होता, या समजुतीला पुरावा फारसा साथ देत नाही. जाफराबादशेजारचे भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांची आणि भरहुतच्या स्तूपांवरील दानलेखांत या गावाचे नाव येते. १९७०च्या दशकाच्या आरंभी तेथे झालेल्या उत्खननात सातवाहन काळातील भरभराटीच्या नगराचे अवशेष मिळाले. दोन हजार वर्षांपूर्वी येथे बाजारपेठ होती, शेते होती, गुरे होती. त्याही आधीच्या, पुणे जिल्ह्यातील इनामगावच्या ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांच्या वस्तीत काळविटाची हाडे सापडली आहेत. काळवीट मोकळ्या गवताळ प्रदेशातला प्राणी आहे. दाट झाडीत तो राहत नाही.

अगदी अलीकडे, २०२५ साली, आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी एक वेगळाच मार्ग चोखाळला. तेराव्या शतकापासूनचे मराठी वाङ्मय, संतचरित्रे, लोकगीते यांत कोणत्या वनस्पतींचे उल्लेख येतात ते त्यांनी तपासले. बहुतांश उल्लेख माळरानावरच्या वनस्पतींचे निघाले. पश्चिम महाराष्ट्रातील माळ हे उजाड झालेले जंगल नसून किमान साडेसातशे वर्षे माळच आहेत, असा त्यांचा निष्कर्ष आहे. गाळातल्या परागकणांचे काम येथे जुन्या पोथ्यांनी केले!

अर्थात येथे झाडीच नव्हती असे नाही. अजिंठ्याच्या रांगेत सागाची पानझडी राने आहेत, ओढ्यांच्या काठी दाट झाडी असे. कोठे गवत, कोठे काटेरी झुडपे, कोठे झाडी असे ते मिश्र चित्र होते. पुराणातले रान असेच होते, असे मानायला हरकत नाही.

चुकीच्या रानाची किंमत

‘चित्रात झाडे चार जास्त काढली तर काय बिघडले?’ असे कोणी विचारील. बिघडते ते चित्राबाहेर. रान म्हणजे दाट झाडी, असे एकदा ठरले की माळ ‘पडीक’ ठरतो. सरकारी नोंदींत झुडपी आणि गवताळ जमिनींचा मोठा भाग पडीक म्हणूनच मोजला गेला. २०१६ ते २०१९ या चार वर्षांत महाराष्ट्रात अनुक्रमे २, ४, १३ आणि ३३ कोटी झाडे लावण्याचे संकल्प सोडले गेले. शाळांनीही त्यात हिरिरीने भाग घेतला. हेतू उत्तमच होता. पण माळावर गिरिपुष्प, सुबाभूळ किंवा निलगिरी दाटीने लावली की सावलीने मारवेल, पवना यांसारखी गवते मागे हटतात. गवताने मुळांवाटे जमिनीत साठवलेला कार्बन कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. उभे खोड मात्र भरते. मेंढपाळाचे कुरण जाते, लांडग्याची आणि खोकडाची जागा जाते. माळढोकासाठी १९७९ साली नान्नजला अभयारण्य झाले; आज तो पक्षी महाराष्ट्रातून जवळजवळ नाहीसा झाला आहे. यामागे कारणे अनेक आहेत, पण माळाला रान न मानणे हे त्यांतले एक निश्चित आहे.

पूर्णेच्या काठी, बांधावर, रस्त्याच्या कडेला, शाळेच्या आवारात झाडे जरूर लावावीत. माळावर कुदळ मारण्यापूर्वी मात्र तेथे आधीच काय उगवते आहे, ते पाहावे.

रान पाहिलेला लेखक

रान पाहून लिहिलेल्या साहित्यात पुराण कसे जिवंत होते, याचा नमुना हवा असेल तर विभूतिभूषण बंद्योपाध्याय यांची १९३९ सालची ‘आरण्यक’ ही बंगाली कादंबरी पाहावी. कलकत्त्याचा एक तरुण बिहारमधील जमीनदारीचा व्यवस्थापक म्हणून येतो. येथली भूमीही एकसारखी दाट नाही. बोरू, झाऊ, मोकळी मैदाने आणि दूरवर डोंगरावरची झाडी असे तिचे रूप आहे. येथे लोक टांडबारो नावाच्या देवाची गोष्ट सांगतात. रानम्हशींचा कळप शिकाऱ्यांनी खणलेल्या खड्ड्याकडे निघाला की हा देव हात वर करून त्यांना अडवतो. पुढे कलकत्त्याच्या रस्त्यावर मार खाणारी म्हैस पाहून नायकाला याच देवाची आठवण येते. तेथे तिला वाचवणारा कोणी नसतो.

या कादंबरीत देव प्रत्यक्ष उभा राहतो की नाही, हे महत्त्वाचे नाही. कुळे वसवून हे रान मोडण्याचे काम नायकालाच करायचे आहे, आणि ते तो करतो. रानातली माणसे, त्यांची भूक आणि त्यांचे देव यांच्यापासून येथे रान वेगळे काढता येत नाही. होल्डस्टॉकच्या रानात माणूस पाहुणा म्हणून शिरतो. विभूतिभूषणांचा नायक हिशेबाची वही घेऊन शिरतो. आमच्या मते दुसरे रान अधिक खरे आहे आणि म्हणूनच अधिक अद्भुतही आहे.

मराठीत सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘देवराई’ (२००४) या चित्रपटात याच्या जवळचे काही आढळते. कोकणातल्या देवराईचा ध्यास घेतलेला नायक मनोविकाराने ग्रासलेला आहे. त्याला होणारे भास चमत्कार म्हणून दाखवलेले नाहीत आणि देवराईचे महत्त्वही त्यामुळे उणे झालेले नाही. आजार आजारच राहतो, रान रानच राहते.

पण मराठवाड्याच्या माळावरची अशी अद्भुतकथा आमच्या वाचनात आलेली नाही. साहित्य नाही म्हणून ती लिहिली गेली नाही, असे मात्र नव्हे. बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबा यांच्या कथा धनगरांच्या ओव्यांतून शतकानुशतके माळावरच घडत आल्या आहेत. जर्मन अभ्यासक ग्युंटर सोंथायमर (१९३४–१९९२) यांनी आयुष्याचा मोठा काळ त्या गोळा करण्यात घालवला. त्या कथांत देव मेंढरांमागून हिंडतात, वारुळात प्रकटतात. त्यांना ओकची झाडी लागत नाही.

वर्गात काय करता येईल?

अद्भुतकथा मुलांच्या हातून काढून घेऊ नयेत. उलट कथा वाचून झाल्यावर त्यातल्या रानाची यादी करायला लावावी. झाडे कोणती, गवत आहे का, पाणी कोठे, गुरे कोणाची, कुऱ्हाड कोणाच्या हातात? मग तीच यादी घेऊन पावसाळ्याच्या शेवटी गावच्या माळावर जावे आणि एका मीटर चौकोनात किती जातींची गवते व झुडपे मिळतात ते मोजावे. नावे आपल्याला येत नसतील तर मेंढ्या चारणाऱ्या आजोबांना विचारावीत. देवांच्या गोष्टीही त्यांच्याकडेच मिळतील. शेवटी मुलांना याच माळावर घडणारी एक अद्भुतकथा लिहू द्यावी. राक्षस हवे तेवढे घालावेत. गवत मात्र मोजलेलेच असावे.