पेकिंगचा राजवाडा : वास्तुसंकेत आणि नामसंकेत

पेकिंगच्या राजवाड्याविषयीच्या लेखनात एक पद्धत रूढ झालेली आहे. पिवळी कौले दिसली की सम्राट, नऊ हा आकडा आला की स्वर्ग, अशी एकास एक जोडी लावून ही वास्तू उलगडली जाते. या पद्धतीने प्रत्येक वस्तूला अर्थ मिळतो खरा. परंतु एक अर्थ दुसऱ्याशी कोणत्या नात्याने बांधलेला आहे, हा प्रश्न अस्पर्शितच राहतो. संकेतव्यवस्था ही भाषेप्रमाणेच भेदांवर उभी असते. म्हणून जेथे नियम मोडलेला दिसतो, ती स्थळे अभ्यासकाने प्रथम पाहावयास हवीत.

संख्येचेच उदाहरण घ्यावे. या राजवाड्यात साडेनऊ हजार नव्हे, तर ९,९९९½ खोल्या आहेत, स्वर्गाधिपतीच्या दहा हजार खोल्यांहून केवळ अर्धी कमी, ही आख्यायिका प्रसिद्ध आहे. १९७३ साली केलेल्या मोजणीत ही संख्या ८,७०७ भरली. तथापि आकड्यापेक्षा 'खोली' हा शब्दच अधिक दिशाभूल करणारा आहे. मूळ चिनी शब्द 'ज्येन'. त्याचा अर्थ चार खांबांमधील जागा. जुन्या वाड्यांच्या मापनातील 'खण' हा शब्द मराठीत तयार असता इंग्रजीच्या आडवळणाने 'खोली' स्वीकारण्याचे काहीच कारण नव्हते. थायहे हा प्रमुख महाल अकरा खण रुंद व पाच खण खोल आहे. हिशेबाने ते पंचावन्न 'ज्येन' होतात. दालन मात्र एकच.

राजवाड्याच्या तटाला चार दरवाजे आहेत. तिहींच्या प्रत्येक फळीवर नऊ ओळींत नऊ, असे ८१ खिळे आहेत. पूर्वेकडील तुंगह्वा दरवाजावर मात्र ते ७२ आहेत. 'नऊ म्हणजे स्वर्ग' एवढ्या सूत्रावर विसंबणाऱ्यास या दरवाजापाशी थांबावे लागते. रंगांचेही तसेच. पिवळी कौले सर्वत्र असल्यामुळेच १७७६ मध्ये पूर्ण झालेल्या वन्‌युआन ग्रंथागाराची काळी कौले बोलकी होतात. पंचतत्त्वांच्या कल्पनेत काळा हा जलाचा रंग. ग्रंथांना भय अग्नीचे. राजपुत्रांच्या निवासांवर हिरवी कौले आहेत, आणि हिरवा हा काष्ठतत्त्वाचा, पूर्व दिशेचा व वाढीचा रंग. काळ्या आणि हिरव्याच्या शेजारी ठेवल्याखेरीज पिवळ्याचा अर्थ लागत नाही.

दिशांच्या बाबतीत तर भाषेनेच सावध करावयास हवे. 'चौली' या प्राचीन ग्रंथात जोडलेल्या शिल्पविषयक भागात पितरांचे मंदिर डावीकडे व भूमिधान्याची वेदी उजवीकडे असावी, असा दंडक आहे. पेकिंगमध्ये पितृमंदिर पूर्वेला आहे. सम्राट दक्षिणाभिमुख बसतो, म्हणून त्याची डावी बाजू पूर्व होय. पूर्वाभिमुख उभ्या राहणाऱ्या वैदिक यजमानाच्या उजव्या हाताला जी दिशा आली, तिला संस्कृतने 'दक्षिण' म्हटले. दोन्ही परंपरांत दिशा ही शरीरावरून ठरते. मात्र हे शरीर कोणत्या दिशेला तोंड करून आहे, हे आधी ठाऊक असावे लागते. नकाशा समोर ठेवून केलेल्या विवेचनांत नेमका हाच घोटाळा होतो.

परंतु या वास्तूतील सर्वांत समृद्ध संकेत दगडालाकडांत नाही, नावांत आहे. 'त्सजिन्‌छंग' या नावातील पहिले अक्षर जांभळ्या रंगाचे वाचक आहे. भिंती तांबड्या, छपरे पिवळी. मग जांभळा कोठला? तो आकाशातला आहे. ध्रुवाभोवतीच्या तारकामंडलास चिनी ज्योतिषात जांभळे आवार म्हणतात, आणि त्यावरून हे नाव पडले. केवळ डोळ्यांनी पाहणाऱ्याला हा अर्थ सापडणे शक्य नाही.

युंगले सम्राटाच्या आज्ञेने १४०६ मध्ये काम सुरू होऊन १४२० मध्ये राजवाडा पूर्ण झाला. पुढच्याच वर्षी तिन्ही मुख्य महाल जळाले. पुढेही १५५७ व १५९७ मध्ये तेच घडले. ते पुनःपुन्हा त्याच अक्षावर उभे राहिले, पण नावे पालटत गेली. प्रमुख महालाचे मूळ नाव 'फंगथ्येन', म्हणजे स्वर्गाज्ञेचे पालन. १५६२ मध्ये तो 'ह्वांगजी' झाला. 'जी' म्हणजे मुळात छपराचे आढे; त्यावरून परमबिंदू, ध्रुव. १६४४ मध्ये मांचूंनी पेकिंग घेतले, आणि दुसऱ्याच वर्षी तिन्ही महालांच्या नावांत 'हे', म्हणजे सामंजस्य, हे अक्षर आले : थायहे, जुंगहे, बाओहे. जिंकणाऱ्या अल्पसंख्याकांनी सामंजस्याची घोषणा करावी, हे सूचक आहे. आजचा थायहे महाल १६७९ च्या आगीनंतर, १६९५ पासून बांधलेला. 'सामंजस्य' हे या वास्तूचे सनातन तत्त्व मानून लिहिणारे समीक्षक १६४५ चा राजकीय निर्णय १४२० च्या स्थपतीच्या माथी मारतात.

मांचू राजवटीत फलक द्विभाषिक झाले, आणि येथे आणखी एक भेद लक्षात घ्यावा. थायहे महालाच्या नावाचे मांचू भाषेत भाषांतर केलेले आहे : 'अंबा हूवालियांबुरे', म्हणजे महान सामंजस्य घडविणारा. आतील प्रांगणाकडे नेणाऱ्या छ्येन्‌छिंग दरवाजाच्या फलकावर मात्र चिनी ध्वनीच मांचू लिपीत उतरविले आहेत. 'छ्येन्' हे परिवर्तनांच्या ग्रंथातील स्वर्गवाचक चिन्हाचे नाव. मांचू लिपीत त्याचा ध्वनी राहिला, अर्थ राहिला नाही. मागील खुन्‌निंग महालाच्या नावात त्याचे जोडपद 'खुन्', म्हणजे पृथ्वी, आहे. मिंग काळी तेथे सम्राज्ञीचा निवास होता. १६५५ च्या फेरबांधणीनंतर मांचूंनी तेथे आपली शामानी उपासना सुरू केली, आणि नैवेद्याचे डुकराचे मांस शिजविण्यासाठी मोठ्या कढया बसविल्या. नाव चिनी विश्वरचनेचे, व्यवहार ईशान्येकडील अरण्यवासी पूर्वजांचा. आणि फलक या दोहोंविषयी मौन पाळतो.

१९१२ मध्ये राजसत्ता संपली. अध्यक्ष युआन शिखाय यांच्या कारकिर्दीत बाहेरील महालांच्या फलकांवरून मांचू अक्षरे काढून टाकण्यात आली. आतील प्रांगणात पदच्युत सम्राट १९२४ पर्यंत राहत होता. तेथील फलक आजही द्विभाषिक आहेत.