चिक चॉकलेट : साथीदाराची सही

झाडीपट्टीचं नाटक रात्रभर बघून पहाटे घरी परतलो की आपण नटांची नावं घेतो. ऑर्गनवर कोण होतं, तबल्यावर कोण, हे कुणी विचारत नाही. आम्हीही उभ्या आयुष्यात विचारलं नाही. आजचा विषय त्या न विचारण्यातून निघालेला आहे.

अंतोनियो झेवियर वाझ हे नाव इथं फारसं कुणाला माहीत नसेल. 1916 साली गोव्यातल्या हळदोण्यात जन्म, 1967 मध्ये मृत्यू. मुंबईला ते चिक चॉकलेट या नावानं गाजले. ट्रम्पेट वाजवायचे, ताजमहाल हॉटेलात त्यांचा बँड असायचा. लोक त्यांना भारताचे लुई आर्मस्ट्राँग म्हणत. आता, ही पदवी गौरवाची की अडचणीची? आमच्या मते दोन्ही. 'चिक अँड द म्युझिक मेकर्स' या नावानं त्यांच्या तबकड्या निघाल्या. त्या ऐकताना हात सफाईदार आहे, ताल नाचायला लावणारा आहे, हे लगेच कळतं. पण खरं सांगायचं तर तिथं आर्मस्ट्राँग जास्त ऐकू येतात आणि वाझ कमी. नाचणाऱ्यांसाठी वाजवायचं तर ओळखीचंच वाजवावं लागतं, हेही खरं.

मग वाझ सापडतात कुठं? सिनेमात! सी. रामचंद्र, म्हणजे आपले पुणतांब्याचे चितळकर, यांचे ते सहायक होते. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत पोरांना लहानपणीच नोटेशन वाचायला शिकवत. मुंबईच्या संगीतकारांना नेमकी तीच विद्या हवी होती. चाल एकानं गुणगुणायची, दुसऱ्यानं ती वीस वाद्यांसाठी कागदावर उतरवायची. 1951 च्या 'अलबेला'तलं 'शोला जो भडके' आठवा. बाँगो, क्लॅरिनेट, ट्रम्पेट, सॅक्सोफोन, आणि त्यावर भगवानदादांची ती डुलकी पावलं. याच चित्रपटात चिक आणि त्यांचा बँड पडद्यावरही दिसतो. चाल चितळकरांची, यात वाद नाही. पण तिचं अंग कुणाचं? तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही कर्ता आणि कृती यांवर वर्षानुवर्षं बोललो, तेव्हा हे उदाहरण सुचलं असतं तर पोरं जागी राहिली असती.

त्याच 1951 साली 'नादान' नावाचा चित्रपट आला. संगीतकार म्हणून नाव चिक चॉकलेट यांचं. त्यातलं तलत महमूद यांचं 'आ तेरी तस्वीर बना लूं' तुमच्यापैकी अनेकांनी रेडिओवर ऐकलं असेल. आम्हीही ऐकत होतो आणि कितीतरी वर्षं ते दुसऱ्याच कुणाचं समजत होतो. गाणं सगळं तलतच्या कापऱ्या आवाजावर तोललेलं आहे. ट्रम्पेटवाल्यानं चाल बांधली आणि स्वतःचं वाद्य मागे ठेवलं. नक्कल करणाऱ्याला हा संयम जमत नाही. तबकड्यांवरचा चिक आम्हाला आवडतो. या गाण्यातल्या वाझांपुढे मात्र आम्ही नमतो.

अमेरिकेत पुढच्या दशकात हार्ड बॉपची लाट होती. त्यातला पॉल चेंबर्स हा बासवादक 1955 पासून माइल्स डेव्हिसच्या मागे उभा असायचा. 'काइंड ऑफ ब्लू'च्या पहिल्याच रचनेत मुख्य धून वाजवतो तो बास, नंतर बाकीचे येतात. जॉन कोल्ट्रेननं तर 'मिस्टर पी. सी.' ही रचना त्याच्याच नावे केली. साथीदाराला त्याच्या हयातीत, त्याच्याच वाद्यावर दाद मिळाली. आपल्याकडे असं एक उदाहरण आहे : प्यारेलाल यांनी 'अमर अकबर अँथनी'त आपल्या व्हायोलिनच्या गुरूंचं, अँथनी गोन्साल्विसांचं नाव गाण्यात आणलं. गाणं देशभर गाजलं, पण ते खऱ्या माणसाचं नाव आहे हे किती जणांना ठाऊक होतं?

वाझांच्या वाट्याला तेवढंही आलं नाही. 'रंगीली' आणि 'कर भला' हे आणखी दोन चित्रपट त्यांच्या नावावर आहेत. ती गाणी मिळवून ऐका, मग 'अलबेला' पुन्हा लावा. क्रम उलटा करू नका. आधी माणूस ऐकायचा, मग त्याची साथ. आणि हो, यंदा वडसा-ब्रह्मपुरीकडे नाटकाला गेलात तर ऑर्गनवाल्याचं नाव विचारून या, पुढच्या व्याख्यानाला आम्हाला सांगा.