खेळ बंद केल्यावर उरतं काय? मारिओपासून राजीपर्यंत



मागच्या महिन्यात दौंडला बोलायला गेलो होतो. बोलणं संपल्यावर रेल्वेत नोकरी करणारे एक गृहस्थ भेटले, वय चाळिशीच्या पुढे. म्हणाले, "सर, मी सातवीत असल्यापासून व्हिडिओ गेम खेळतोय. आधी कॅसेटवाला, आता प्लेस्टेशन. जुना काढला तरी मजा येते, नवा लावला तरी येते. पण घरचे विचारतात, एवढे तास घातलेस, हातात काय राहिलं? मला सांगता येत नाही. तुम्ही तत्त्वज्ञानवाले, तुम्ही सांगा."

माझी गाडीची वेळ झाली होती. काहीतरी गुळमुळीत बोलून निघालो. ते उत्तर आज इथे शिरूरला नीट द्यायचा प्रयत्न करतो.

आधी एक कबुली. नव्वदीच्या दशकात आमच्या घरीही तो कॅसेटवाला डबा होता. तुमच्यातल्या अनेकांच्या घरी असेल. जपानच्या निन्टेंडो कंपनीने १९८३ साली फॅमिकॉम नावाचं यंत्र काढलं, त्याच्या नकला आपल्या बाजारात आल्या. कॅसेटवर '९९९९ इन १' लिहिलेलं असायचं आणि आत मोजून थोडेच खेळ, तेच पुन्हा पुन्हा वेगळ्या नावाने. चालली नाही की कॅसेट काढायची, फुंकर मारायची, परत लावायची. तर एका संध्याकाळी मी कॉलेजातून घरी आलो. मुलगा मारिओच्या आठव्या, म्हणजे शेवटच्या जगात पोचला होता. दुसऱ्या दिवशी त्याची गणिताची चाचणी. मी काही न बोलता भिंतीतली वायर काढली. त्या खेळात सेव्ह करायची सोय नव्हती. तो रडला नाही, भांडला नाही. नुसता काळ्या पडद्याकडे बघत राहिला.

गंमत अशी, की त्याच आठवड्यात मी वर्गात वैशेषिक दर्शनातला 'संस्कार' शिकवत होतो. आणि घरात संस्कार म्हणजे काय, ते मला दिसलं नाही.

आपण रोजच्या मराठीत संस्कार म्हणतो तो अर्थ जरा बाजूला ठेवा. प्रशस्तपादाच्या भाष्यात संस्कार हा एक गुण आहे आणि त्याचे तीन प्रकार आहेत. पहिला वेग: सुटलेला बाण पुढे जात राहतो तो ज्याच्यामुळे. दुसरा स्थितिस्थापक: फांदी वाकवून सोडली की परत जागेवर येते तो. आणि तिसरी भावना: अनुभव येऊन गेल्यावर आत्म्यात राहतो तो ठसा, ज्यामुळे पुढे आठवतं, ओळख पटते.

आता मारिओ डोळ्यांसमोर आणा. 'सुपर मारिओ ब्रदर्स', १९८५, शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांचं काम. तो माणूस धावत असताना तुम्ही बटण सोडलंत तर जागच्या जागी थांबत नाही, घसरत जातो. हा झाला वेग. पुढे एक स्प्रिंग लागते, दबते आणि त्याला वर फेकते. हा स्थितिस्थापक. पडद्यावर तिसरा प्रकार मात्र कुठेच नाही. भावना यंत्रात नाही, ती खेळणाऱ्यात आहे. आणि माझ्या मते त्या खेळाची सगळी थोरवी यात आहे, की पडद्यावरचे पहिले दोन संस्कार वापरून तो तुमच्यात तिसरा तयार करतो.

कसा करतो, बघा. पहिल्याच पडद्यावर मारिओ डाव्या बाजूला उभा असतो, उजवीकडे मोकळी जागा. कोणी सांगत नाही, पण हात उजवीकडेच जातो. समोरून एक छोटा प्राणी चालत येतो. आदळलात की मेलात. पुढच्या वेळी उडी मारता. बटण किती वेळ दाबून धरलं यावर उडीची उंची ठरते. हेही सांगितलेलं नसतं, बोटालाच कळतं. सगळा खेळ ४० किलोबाइटचा. तुमच्या फोनमधला साधा फोटो याहून कितीतरी मोठा असतो. जागा वाचवायला वरचा ढग आणि खालचं झुडूप एकच चित्र, फक्त रंग निराळा. इतक्या टंचाईत शिकवण्यासाठी शब्द वापरायला परवडतच नव्हते. एका डावात तीन जीव, आठ जगं, बत्तीस टप्पे. आणि वीज गेली की सगळं पहिल्यापासून. आपल्याकडचं भारनियमन आठवा! शिरूर-दौंडच्या पोरांनी मारिओचं पहिलं जग जितक्या वेळा खेळलं असेल, तितक्या वेळा दुसरं काही खेळलं नसेल.

प्रशस्तपाद म्हणतो, भावना तीन कारणांनी पक्की होते. एक, अनुभव पटु असेल तर, म्हणजे ठसठशीत, चकित करणारा. त्याचं उदाहरण आहे दक्षिणेकडच्या माणसाने पहिल्यांदा उंट पाहण्याचं. दोन, अभ्यासाने. इथे तो विद्या, शिल्प आणि व्यायाम यांची नावं घेतो. म्हणजे शरीराने शिकलेलं त्याला वर्ज्य नाही. आणि तीन, आदराने, म्हणजे एखादी गोष्ट मुद्दाम, मनापासून बघायला गेलो तर.

पटुता, अभ्यास, आदर. खेळाची समीक्षा करायला मला हीच तीन मापं पुरतात.

जुने खेळ अभ्यासावर उभे होते. पण म्हणून 'जुनं ते सोनं' म्हणायचं का? मला नाही म्हणवत. त्यातल्या बऱ्याच खेळांचा अवघडपणा नाण्यावर चालणाऱ्या यंत्रांतून आला होता. तिथे खेळणारा लवकर मरणं हा दुकानदाराचा फायदा होता. तो काच आपण घरी आणला आणि त्याला शिस्त म्हणालो. दुसरं म्हणजे, जुन्याची सगळी गोडी त्याची नसते, काळाची असते. 'डक हंट' घ्या. बंदुकीचा चाप ओढला की पडदा क्षणभर काळा व्हायचा, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन चमकायचा, आणि बंदुकीतला डोळा तो उजेड टिपायचा. हे जमायचं ते काचेच्या नळीच्या टीव्हीवर, कारण तिथे चित्र त्याच क्षणी उमटतं. नव्या सपाट टीव्हीवर चित्राला किंचित उशीर होतो आणि बदक कधी मरत नाही. इथून जवळ, रांजणगावच्या एमआयडीसीत सपाट टीव्ही बनतात. त्यांच्यावर ती बंदूक आता खेळणंच. त्या खेळाची आठवण उरली, अभ्यास उरला नाही.

नव्या खेळांत पटुता ओसंडून वाहते. डोंगर, पाऊस, घोड्याच्या अंगावरचा घाम, सगळं उंटासारखं समोर येतं. पण पुष्कळ खेळांत नकाशावर बाण असतो, बाणामागे जायचं, दर चार पावलांवर यंत्र आपोआप सेव्ह करतं. तुमची प्रगती त्या डब्यात जमा होते, तुमच्यात होत नाही. पन्नास तास खेळून महिनाभर बंद ठेवा आणि परत हातात घ्या. कुठलं बटण कशाचं, तेही आठवत नाही. उंटही रोज दिसायला लागला की उंट राहत नाही.

पण सगळे नवे खेळ असे नाहीत. २०११ चा 'डार्क सोल्स' घ्या. त्यात मेलात की जमवलेलं पण अजून न खर्चलेलं धन मेलेल्या जागी पडून राहतं. परत तिथवर पोचलात तर तुमचं, वाटेत पुन्हा मेलात तर गेलं. मारलेले शत्रू पुन्हा उभे असतात. तुमची चूकही यंत्र इमानाने जपून ठेवतं, म्हणून मागे जाऊन ती पुसता येत नाही. सेव्ह करायची सोय असूनही शिकायचं तुम्हालाच. मारिओचाच हा वारस. तेव्हा भेद जुन्या-नव्याचा नाही, ठसा कुठे उमटतो याचा आहे.

आणि आदर? तो विषय आपल्या जिल्ह्यातच आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या मंडळींनी २०२० साली 'राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक' हा खेळ काढला. त्याआधी २०१७ मध्ये लोकवर्गणीचा प्रयत्न केला होता, तो फसला. तरी त्यांनी सोडलं नाही. राखीपौर्णिमेच्या वेळी असुर राजीच्या भावाला, गोलूला, पळवतात आणि ती त्याला शोधायला निघते. दुर्गेचा त्रिशूळ हातात, भोवती राजस्थानी किल्ल्यांची आठवण देणारे सज्जे आणि महाल, भिंतींवर कथाचित्रं. मला थांबून ती चित्रं बघावीशी वाटली. ही आदराची खूण.

पण समीक्षकाने आपल्या गावचा म्हणून हात आखडता घेऊ नये. 'राजी'त पटुता आहे, आदर आहे, अभ्यास कमी पडतो. लढाई जड हाताची आहे. दहाव्या वेळी जे कळायला हवं ते तिसऱ्या वेळीच संपतं. आणि शेवट असा, की कीर्तनकाराने आख्यान रंगात आल्यावर वीणा खाली ठेवावी. भिंत लक्षात राहिली, उडी राहिली नाही. पुढच्या खेळात या मंडळींनी उडीवरही तेवढंच प्रेम करावं, एवढंच मागणं.

आता दौंडच्या त्या गृहस्थांना उत्तर. हातात काय राहिलं? खेळ चांगला असेल तर शब्दशः हातातच राहिलं. पण एक सांगतो. भावना बरं-वाईट निवडत नाही. व्यसनाचाही ठसाच उमटतो. म्हणून "खेळणं चांगलं" असं सर्टिफिकेट मी देणार नाही. परीक्षा एकच सांगतो. यंत्र बंद करा. वायर काढा, हवं तर. त्यानंतर तुमच्याजवळ जे उरेल, ते जवळ असलेलं तुम्हाला आवडतंय का, ते बघा. घरच्यांनाही हेच सांगा. आणि सांगता येत नसेल, तर त्यांचा प्रश्न बरोबर आहे असं समजा.

परवा मुलगा आला होता. टीव्हीला जुना मारिओ जोडला आणि म्हणाला, "बाबा, तुम्ही खेळा." मी पहिल्याच खड्ड्यात पडलो. दुसऱ्यांदा पडलो. तो म्हणाला, "थांबून उडी मारू नका. आधी धावा. वेग लागतो." त्याने इतक्या वर्षांत तो खेळ हातात घेतला नव्हता. मग त्याने तो खड्डा टीव्हीकडे नीट न बघता पार केला.

मी वायर काढली होती, पण जे काढायला गेलो होतो ते त्या भिंतीत नव्हतंच. त्याला तसं म्हटलं. तो म्हणाला, "चाचणीत मार्क चांगले पडले होते, बाबा."

असो. आता तुमचे प्रश्न घेऊ.