रेषेचे चालणे आणि बोधाचे ओझे : राम मोहन यांचे कार्टूनपट

व्यंगचित्र ही मराठी वाचकाच्या घरातली कला आहे. दिवाळी अंकांच्या परंपरेने तिला जो आश्रय दिला, त्यातून वसंत सरवटे आणि शि. द. फडणीस यांच्यासारखे कलावंत उभे राहिले, आणि थोडीफार समीक्षाही त्यांच्या वाट्याला आली. परंतु हीच रेषा कागदावरून उठून पडद्यावर चालू लागली, की समीक्षक तिची साथ सोडतो. कार्टूनपट हा बालरंजनाचा विषय मानला जातो. फार तर त्यातील तंत्राचे कौतुक होते. राम मोहन यांच्यासारख्या कलावंताच्या सहा दशकांच्या कार्याविषयी गंभीर चर्चा जवळजवळ झालीच नाही, याचे कारण या गृहीतकात आहे. सत्कार झाले, 2014 मध्ये पद्मश्रीही मिळाली. पण सत्कार हा मूल्यमापनाचा पर्याय नव्हे.

स्थिर व्यंगचित्र आणि चालते व्यंगचित्र यांतील भेद प्रथम स्पष्ट केला पाहिजे. फडणीसांचे एक प्रसिद्ध मुखपृष्ठ आहे : बसची वाट पाहत उभी असलेली तरुणी आणि तिच्याजवळचा तरुण, तिच्या साडीवर उंदरांची नक्षी, त्याच्या शर्टावर मांजरांची. चित्रात कोणीही हलत नाही. मांजर उंदरावर झेपावते ते पाहणाऱ्याच्या मनात, आणि हसू फुटते तेही याच मानसिक गतीतून. म्हणजे स्थिर व्यंगचित्रात कलावंत अर्धे काम करतो व उरलेले अर्धे रसिकाकडे सोपवतो. कार्टूनपटात मांजर खरोखरच उडी मारू शकते. मग रसिकाकडे सोपवायचे काय? ज्या कार्टूनपटात सारेच हलते, तेथे रसिकाची कल्पना बहुधा झोपी जाते. कोणती रेषा हलवावी यापेक्षा कोणती हलवू नये, हा या कलेतील खरा विवेक होय. राम मोहन यांचे कार्य या कसोटीवर पारखून पाहण्यासारखे आहे.

त्यांचा जन्म 1931 चा. मद्रास विद्यापीठातून रसायनशास्त्राची पदवी घेऊन ते पुढील शिक्षणासाठी मुंबईस आले, आणि ते शिक्षण सोडून 1956 मध्ये फिल्म्स डिव्हिजनच्या नव्या कार्टून विभागात दाखल झाले. तेव्हापासून 11 ऑक्टोबर 2019 रोजी मुंबईत निधन होईपर्यंत त्यांची कर्मभूमी हेच शहर राहिले. या शहराला या कलेची पूर्वपरंपरा नव्हती असे नाही. दादासाहेब फाळके यांनी आगकाड्या हलवून दाखवण्याचा खेळ मूकपटांच्या काळातच केला होता, आणि गो. के. गोखले यांच्यासारखे कलावंत बोलपटांच्या आरंभकाळापासून कार्टूनपट करू पाहत होते. परंतु ते प्रयत्न एकट्यादुकट्याचे होते. एका चित्रपटासाठी सेकंदाला 24 चौकटी लागतात. दोन चौकटींना एक चित्र असा हिशेब धरला तरी दहा मिनिटांच्या पटासाठी 7,200 रेखाटने करावी लागतात. एवढा भार एकट्याच्या हौसेला पेलणारा नसतो. म्हणूनच ही कला शासनाच्या आश्रयाने स्थिरावली, आणि आश्रयाबरोबर आश्रयदात्याचा हेतूही तिच्यात आला.

या विभागात राम मोहन यांना लाभलेले गुरू क्लेअर वीक्स हे डिस्नेच्या स्टुडिओत काम केलेले कलावंत. अमेरिकेच्या तांत्रिक साहाय्य योजनेतून ते मुंबईस आले होते. त्यांच्या मार्गदर्शनाखाली तयार झालेला ‘द बनियन डिअर’ (1957) हा पट दोन परंपरांच्या ओढाताणीचा उत्तम नमुना आहे. कथा जातकातली : गर्भवती हरिणीच्या जागी स्वतःची मान पुढे करणारा मृगराज, आणि त्या त्यागाने पालटलेला राजा. चित्रशैलीची प्रेरणा अजिंठ्याची, गतीचे व्याकरण मात्र डिस्नेचे. अजिंठ्याची रेषा स्थिर राहून गतीचा भास देते. डिस्नेची रेषा सतत हलून जिवंतपणाचा भास देते. या दोहोंचा संसार एका पटात सुखाचा होणे कठीण होते. तरीही या पटाने एक प्रश्न राम मोहन यांच्यासमोर कायमचा ठेवला : भारतीय आकृतीने चालावे कसे?

त्याचे उत्तर डिस्नेच्या सर्वांगगतीत नाही, हे त्यांनी लवकरच ओळखलेले दिसते. 1968 च्या सुमारास शासकीय नोकरी सोडून ते प्रसाद प्रॉडक्शन्सच्या ॲनिमेशन विभागाकडे गेले आणि 1972 मध्ये त्यांनी स्वतःची संस्था काढली. ‘यू सेड इट’ (1972) आणि ‘फायर गेम्स’ (1983) या लघुपटांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. त्यांच्या रेषेची जात मात्र अधिक स्पष्टपणे कळते ती इतरांच्या कथापटांत त्यांनी केलेल्या छोट्या प्रवेशांतून. मृणाल सेन यांच्या ‘भुवन शोम’ (1969) मध्ये एका करड्या रेल्वे अधिकाऱ्याच्या कार्यालयीन आयुष्यावर ॲनिमेशनची एक झुळूक येते. कॅमेऱ्याने टिपलेल्या वास्तवात ही रेषा अचानक शिरते आणि त्या वास्तवाचा कोरडेपणा उघडा करून निघून जाते. टीका करणारे वाक्य येथे एकही उच्चारावे लागत नाही.

याहून महत्त्वाचे उदाहरण सत्यजित राय यांच्या ‘शतरंज के खिलाडी’ (1977) मधले. अवध हे एक दिवस आपल्या तोंडात पडणारे चेरीचे फळ आहे, अशा अर्थाचे उद्गार लॉर्ड डलहौसीने पत्रात काढले होते. रायांनी ती प्रतिमा उचलली आणि पडद्यावर तिचे चित्र झाले : पंजाब, ब्रह्मदेश, नागपूर, सातारा, झाशी अशी एकेक चेरी गिळली जाते आणि अवध शिल्लक राहते. कल्पना रायांची, हात राम मोहन यांचा. या प्रवेशाचे सामर्थ्य विनोदात आहे हे उघडच आहे. पण तो विनोद कशाने घडतो हे पाहिले पाहिजे. सातारा 1848 मध्ये खालसा झाले, नागपूर 1854 मध्ये. नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात छत्तीसगडही होते. म्हणजे रायपूरपासून अभनपूर-धमतरीपर्यंतचा मुलूख त्या एका फळात सामावलेला होता. एवढा विस्तीर्ण प्रदेश, त्यातील माणसे, त्यांची शेते आणि दैवते एका घासात नाहीशी होतात, आणि खाणाऱ्याच्या चेहऱ्यावर अपराधाची छायाही नसते. इतिहासग्रंथातील प्रकरण जे सांगायला अनेक पाने घेते, ते या रेषेने काही क्षणांत सांगितले. येथे फळाचा आकार लहान आहे म्हणूनच हानी मोठी वाटते. फळ आणि राज्य यांतील अंतर रसिकाने स्वतः भरून काढायचे असते, आणि ते भरताना त्याचे हसू मावळते. फडणीसांच्या उंदीर-मांजरांना जे साधले, ते चालत्या चित्रात साधण्याचा हा मार्ग होय.

दूरचित्रवाणीच्या आगमनाने या कलेपुढे निराळी परिस्थिती उभी राहिली. पाश्चात्त्य देशांत हा बदल सहाव्या दशकातच घडला होता. 1957 पासून हॅना आणि बार्बेरा यांनी दूरचित्रवाणीच्या तुटपुंज्या अंदाजपत्रकात बसेल अशी मर्यादित गतीची पद्धत रूढ केली : धड स्थिर, फक्त ओठ आणि हात हलते. तेथे ही काटकसर बहुधा व्यापाराची होती. भारतात दूरचित्रवाणी खेड्यात शिरली ती शिक्षणाच्या नावाने. 1975-76 च्या उपग्रह शैक्षणिक दूरचित्रवाणी प्रयोगात सहा राज्यांतील सुमारे 2,400 खेडी होती आणि तेव्हाच्या मध्य प्रदेशातील रायपूर हे त्यांच्या समूहांपैकी एक. अशा प्रेक्षकासाठी चित्र काढणाऱ्याला पुस्तकी संकेतांवर विसंबता येत नाही. ज्याने कधी छापील चित्र वाचलेले नाही, त्याला घाम दाखवणारे थेंब किंवा विचार दाखवणारा फुगा यांचा अर्थ आपोआप कळेल असे नाही. रेषा साधी असावी लागते, आणि साधी असूनही ती पोरकट होऊन चालत नाही.

या आव्हानाला राम मोहन यांनी दिलेले उत्तर म्हणजे मीना. 1991 ते 2000 हे दशक दक्षिण आशियाई राष्ट्रांच्या सार्क संघटनेने बालिकेचे दशक म्हणून जाहीर केले होते. त्या निमित्ताने युनिसेफने ही योजना आखली, आणि तिच्या नायिकेला रूप देण्याचे काम राम मोहन यांच्याकडे आले. पहिल्या भागांच्या निर्मितीत मनिला येथील हॅना-बार्बेराच्या स्टुडिओचा सहभाग होता. मुलगी भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ या चारही देशांतील खेड्यांत आपली वाटावी, ही अट सोपी नव्हती. साडी एका प्रदेशाची ठरते, सलवार दुसऱ्या. निरनिराळी रेखाटने प्रत्यक्ष लोकांना दाखवून, त्यांची पसंती-नापसंती ऐकून मीनाचा वेष आणि चेहरा ठरत गेला. कलावंताच्या स्वातंत्र्याचा कैवार घेणाऱ्यास ही पद्धत अपमानास्पद वाटेल. परंतु लोककथेतील पात्रेही अशाच रीतीने, असंख्य श्रोत्यांच्या होकार-नकारातून घडलेली असतात, हे विसरता येणार नाही.

मालिकेतील कोंबड्या मोजण्याची कथा या दृष्टीने अभ्यसनीय आहे. भाऊ राजू शाळेत जातो. मीनाला घरकाम आहे. ती आपल्या मिठू नावाच्या पोपटाला शाळेकडे धाडते. पोपट खिडकीशी बसून धडा ऐकतो आणि घरी येऊन तो तसाच म्हणतो. मीना अशी अंक शिकते, कोंबड्या मोजते, एक कमी भरते, चोर सापडतो. आणि बापाला मुलीच्या शिक्षणाचे मोल कळते. यातील बोध कोणालाही दोन वाक्यांत सांगता येईल. कथेचे सत्त्व मात्र पोपटात आहे. पोपटपंची हा आपल्याकडे निंदेचा शब्द. न समजता घोकणाऱ्यास तो लावतात. येथे शाळेतला मुलगा घोकतो, पोपट घोकतो, आणि समजते ते शाळेबाहेरच्या मुलीला. विद्या दाराने येऊ दिली नाही तर खिडकीने उडून येते, हा अर्थ कोणी बोलून दाखवत नाही. तो हिरव्या पंखांच्या ये-जा करण्यात आहे. ज्या चित्रात सर्वांत अधिक गती पोपटाला दिली आणि मुलगी तुलनेने स्थिर ठेवली, त्या चित्रात मर्यादित गती ही केवळ काटकसर राहत नाही. मुलीची स्थिरता हेच तिचे बंधन असते.

सारीच मालिका या उंचीवर राहत नाही. आरोग्याचे नियम सांगणाऱ्या भागांत पात्रे प्रचारपत्रकाच्या भाषेत बोलू लागतात, आणि तेथे रेषा संवादांची नुसती वाहक होते. फडके-खांडेकर वादाची आठवण येथे होणे स्वाभाविक आहे. कला कलेसाठी की जीवनासाठी, हा प्रश्न त्या वादात लेखकाच्या हेतूविषयी विचारला गेला, आणि म्हणूनच तो सुटला नाही. राम मोहन यांच्या कार्यावरून असे दिसते, की हेतू हा मूल्यमापनाचा निकष होऊ शकत नाही. हेतू कोणत्या माध्यमातून वाहतो हा निकष होऊ शकतो. बोध रेषेच्या वागण्यातून आला तर तो अनुभव होतो. तोच बोध पात्राच्या तोंडी वाक्य म्हणून घातला, की रेषेवर ओझे पडते. चेरीच्या प्रवेशातही बोध आहेच. साम्राज्याचा निषेध हा काही निर्हेतुक विषय नव्हे.

युगो साको यांच्यासह त्यांनी दिग्दर्शित केलेले ‘रामायण : द लीजेंड ऑफ प्रिन्स राम’ (1992) हे त्यांचे सर्वांत मोठे आणि सर्वांत प्रसिद्ध काम. 2025 च्या जानेवारीत ते भारतातील चित्रपटगृहांत पुन्हा प्रदर्शित झाले आणि नव्या पिढीने त्याचे स्वागत केले. वेष, वास्तू, नमस्काराची ढब, आसनावर बसण्याची रीत यांत भारतीयत्व जपले गेले, याचे श्रेय मुख्यतः त्यांना द्यावे लागेल. पार्श्वभूमींची भव्यता निर्विवाद आहे. परंतु चेहऱ्यांची घडण आणि युद्धांची लय जपानी स्टुडिओच्या परंपरेतली आहे. या पटातील राम मोहन हे मर्मज्ञ सल्लागार आहेत, सहनिर्माते आहेत. ‘भुवन शोम’मधील तो खट्याळ व्यंगकार येथे क्वचितच डोकावतो. प्रसिद्धी आणि श्रेष्ठता एकाच कृतीत नांदतील असे गृहीत धरण्याचे कारण नाही.

यातून अखेर कर्तृत्वाचा प्रश्न उभा राहतो. साहित्यसमीक्षेला एकाच नावाची सवय आहे. कार्टूनपट शेकडो हातांनी होतो, त्याचा विषय दुसरा कोणी ठरवतो, पैसा तिसरा देतो. अशा कृतींत एका कलावंताचा ठसा शोधणे व्यर्थ आहे, असे म्हणून समीक्षा मोकळी होते, आणि मग मीना ही एका संस्थेची मालमत्ता व चेरीचा प्रवेश हे एका दिग्दर्शकाचे कौशल्य एवढेच उरते. परंतु कुठे हलावे आणि कुठे थांबावे याविषयीचा एकच विवेक जर कार्यालयात, साम्राज्याच्या मेजावर आणि खेड्यातल्या अंगणात सारखाच आढळत असेल, तर तो विवेक ज्याचा, तोच त्या रेषेचा धनी. अजिंठ्याच्या हरिणाने चालावे कसे, या 1957 च्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर राम मोहन यांनी दिले असे म्हणता येणार नाही. त्याने थोडे चालावे आणि उरलेले पाहणाऱ्याच्या मनात चालावे, एवढे मात्र त्यांनी दाखवून दिले; आणि या कलेच्या भारतीय समीक्षेला आरंभ करायचा असेल, तर तो येथूनच करावा लागेल.