७६८ बायका, ८ रकाने

मशीन लर्निंग शिकलेल्या बहुतेकांनी एकदा तरी मधुमेहाचं भाकीत केलेलं असतं. तक्ता ठरलेला: ७६८ ओळी, ८ रकाने, आणि शेवटी नववा रकाना, ज्यात फक्त ० किंवा १. नाव ‘पीमा इंडियन्स डायबेटिस डेटासेट’. फुकट मिळतो, लहान आहे, जुन्या लॅपटॉपवरही सेकंदात चालतो. इंजिनिअरिंगच्या सबमिशनपासून महागड्या ऑनलाइन कोर्सपर्यंत सगळीकडे तो आहे. विषय आजाराचा असल्यामुळे डॉक्टरांना किंवा जीवशास्त्रातल्या संशोधकांना डेटा सायन्स शिकवायची वेळ आली की सगळ्यात आधी तोच बाहेर काढला जातो.

मी नोकरीने सॉफ्टवेअरवाला. गेली दोन वर्षं शनिवारी पुण्यात अशा एका वर्गाला शिकवतो. वर्गात फिजिशियन आहेत, पॅथॉलॉजीवाले आहेत, पीएचडी करणारे आहेत, एक बालरोगतज्ज्ञ मॅडम आहेत. पुस्तकाची समीक्षा होते, सिनेमाची होते. इतक्या जणांनी उघडलेल्या या तक्त्याची मात्र कुणी करत नाही. तो एखाद्या संहितेसारखा वाचला तर काय दिसतं, आणि त्याच्यावर बेतलेला सर्वत्र शिकवला जाणारा धडा त्याचं काय करून टाकतो, एवढंच मला इथे बघायचं आहे.

सुरुवात नावापासून. दर बॅचमध्ये कुणीतरी ‘इंडियन’ वाचून हा आपल्याकडचा डेटा समजतं. या बायका अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात, फिनिक्स शहराजवळ राहणाऱ्या, पीमा या मूलनिवासी समाजाच्या. सगळ्या किमान २१ वर्षांच्या. हा समाज स्वतःला अकिमेल ओओधम म्हणवतो, म्हणजे नदीची माणसं. तिथे मधुमेहाचं प्रमाण फार मोठं असल्यामुळे अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांपैकी एका संस्थेने १९६५पासून त्यांचा सलग अभ्यास केला. पाच वर्षांवरच्या प्रत्येकाला दर दोन वर्षांनी तपासणीला बोलावलं जाई, ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त घेतलं जाई. १९८८ साली काही संशोधकांनी त्यातल्या ७६८ नोंदी घेऊन ‘अडॅप’ नावाचं एक अल्गोरिदम तपासलं. त्या एका निबंधापुरती केलेली ही निवड पुढे जगभरच्या वर्गांत पोचली.

आता शून्य. इन्सुलिनच्या रकान्यात ३७४ ठिकाणी शून्य आहे. त्वचेच्या जाडीत २२७, बीएमआयमध्ये ११, ग्लुकोजमध्ये ५. रक्तदाबाच्या रकान्यात ३५. पहिल्या वर्षी हा रकाना पडद्यावर आला तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, “या पस्तीस जणी तपासणीला चालत आल्या होत्या का?” त्यावर दुसऱ्या एका सरांनी शांतपणे सांगितलं की खालचा दाब शून्य लिहिला जाऊ शकतो, हृदयाच्या एका झडपेतून रक्त मागे गळत असेल तर आवाज शून्यापर्यंत ऐकू येतात, पण ७६८मध्ये ३५? मला हे ठाऊक नव्हतं, आणि एकाही ट्यूटोरियलमध्ये मी हे वाचलेलं नाही.

उघड आहे की ही शून्यं म्हणजे न झालेली मोजमापं आहेत. गंमत अशी की पहिल्या रकान्यातलं, गर्भारपणांच्या संख्येतलं शून्य मात्र खरं आहे. एकाच तक्त्यात एकच आकडा दोन गोष्टी सांगतो, ‘नाही’ आणि ‘माहीत नाही’. ठरलेला धडा याचा निकाल एका ओळीत लावतो: शून्याच्या जागी त्या रकान्याचा मध्यक भरा. इन्सुलिनच्या बाबतीत याचा अर्थ जवळजवळ निम्म्या बायकांना एकच, आणि मनाने ठरवलेलं, इन्सुलिन देऊन टाकणं. कोड चालतो. पुढची स्लाइड येते. कुणाचं मोजलं आणि कुणाचं नाही, हा प्रश्न ती ओळ चालवल्यावर तक्त्यात शिल्लकच राहत नाही. रिकामी जागा लपवायला हरकत नाही, फक्त आकडा बसला पाहिजे, हे त्या एका ओळीतून शिकवलं जातं.

दुसरी गोष्ट मला याहून गंभीर वाटते. बहुतेक ट्यूटोरियल सांगतात, ‘या बाईला मधुमेह आहे का, हे आपण ओळखणार आहोत.’ मूळ निबंधात प्रश्न वेगळा होता. आज तपासलेल्या बाईला पुढच्या पाच वर्षांत मधुमेह होईल का? तपासणीनंतर वर्षाच्या आतच निदान झालेल्या नोंदी म्हणूनच वगळल्या होत्या. ‘आहे’ आणि ‘होईल’ यात डॉक्टरच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक: एका बाईला औषध सुरू करायचं, दुसरीला वजनाबद्दल बोलायचं आणि पुढच्या वर्षी परत बोलवायचं. शिवाय ‘मधुमेह’ ठरवला होता तो दोन तासांनंतरचं ग्लुकोज २०० किंवा त्याहून जास्त असण्यावरून, आणि भाकितासाठी दिलेला सगळ्यात वजनदार रकाना पुन्हा दोन तासांनंतरचं ग्लुकोज हाच. मॉडेलने ग्लुकोजला पहिला क्रमांक दिला की ट्यूटोरियलवाले खूश होतात, ‘बघा, वैद्यकशास्त्राशी जुळतंय!’ न जुळून कसं चालेल?

अचूकतेच्या आकड्यांबद्दल थोडक्यात. ७६८पैकी २६८ जणींना मधुमेह झाला. काहीही न शिकता प्रत्येकीला ‘नाही’ म्हटलं तरी ६५ टक्के बरोबर येतात. १९८८च्या अडॅपची संवेदनशीलता आणि विशिष्टता दोन्ही ७६ टक्के होत्या. तेच यंत्र, दर हजारात १०० जणींनाच मधुमेह होणार अशा वस्तीत नेलं, तर ते ७६ जणी बरोबर पकडेल आणि २१६ जणींना उगाच घाबरवेल. म्हणजे ‘तुम्हाला होणार’ असं ऐकलेल्या चौघींपैकी एकीच्या बाबतीतच ते खरं. हे गणित माझ्या वर्गातले डॉक्टर माझ्यापेक्षा लवकर करतात, कारण एमबीबीएसच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात ते त्यांनी केलेलं असतं. फक्त स्क्रीनवर पायथन दिसलं की ते कुणी करत नाही.

या गप्प बसण्याशी माझं खरं भांडण आहे. ओपीडीत जो माणूस ‘रिपोर्ट कुठल्या लॅबचा? उपाशीपोटी दिलं होतं का? घरात कुणाला आहे? तुम्ही काम काय करता?’ असे दहा प्रश्न दोन मिनिटांत विचारतो, तोच माणूस नोटबुक उघडल्यावर विद्यार्थी होऊन बसतो. चूक त्याची थोडी आहे. आपल्याला गणित येत नाही, हा न्यूनगंड बारावीपासून सांभाळलेला असतो. पण धडाही तशीच शिस्त लावतो. तक्ता आधीच तयार, रकान्यांची नावं आधीच ठरलेली, प्रश्न आधीच विचारून झालेला. शिकणाऱ्याने फक्त फिट आणि प्रेडिक्ट म्हणायचं.

रकान्यांची नावं ठरताना काय बाहेर राहिलं, ते पाहा. आठव्या-नवव्या वेळी तक्ता शिकवताना मला ‘डायबेटिस पेडिग्री फंक्शन’ या रकान्याकडे नीट बघावंसं वाटलं. नातेवाइकांमधल्या मधुमेहावरून काढलेला तो आनुवंशिकतेचा एक आकडा. आनुवंशिकतेला रकाना आहे. नदीला नाही. अकिमेल ओओधम गिला नदीच्या पाण्यावर शेती करत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वरच्या अंगाला वसलेल्या गोऱ्या शेतकऱ्यांनी ते पाणी वळवलं आणि शेती मोडली. पिढ्यानपिढ्यांचं खाणं बदललं. पाण्याच्या हक्काचा निवाडा करणारा कायदा अमेरिकन संसदेत व्हायला २००४ साल उजाडलं. सीमेपलीकडे मेक्सिकोत, डोंगरात राहणारेही पीमाच आहेत. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या तुलनेत त्यांच्यात टाइप २ मधुमेहाचं प्रमाण ६.९ टक्के होतं आणि ॲरिझोनातल्यांत ३८ टक्के. येलच्या इतिहासकार जोआना रेडिन यांनी २०१७ साली या डेटासेटच्या प्रवासावर सविस्तर लिहिलं आहे. ज्यांच्या शरीरांतून हे आकडे आले, त्यांच्या जगण्यापासून ते कसे सुटत गेले हा त्यांचा मुद्दा. पाणी जाऊन शेती मोडलेल्यांची माहिती ज्या राज्यात सातबारा आणि पाण्याच्या पाळ्यांत सापडते, तिथल्या डॉक्टरांना हे समजावून सांगावं लागत नाही. सांगितलं की ते आपल्याकडची उदाहरणं देऊ लागतात, आणि वर्ग हातातून जातो.

बीएमआयचंही तसंच. पुण्यातल्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये दोघांचा शेजारी शेजारी फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२. फिनिक्सजवळच्या बायकांवर शिकलेलं मॉडेल हडपसरमधल्या पेशंटचा बीएमआय वाचून काय म्हणेल, याची चर्चा करायला हा एक फोटो पुरतो. मॉडेलच्या प्रकरणात तो कुठेच नसतो.

यावर नेहमीचा बचाव असा की अहो, हे शिकण्यापुरतं आहे, खऱ्या पेशंटवर कोण वापरतंय? इंजिनिअरिंगच्या मुलांपुरता मी तो निम्मा मान्य करतो. त्यांना लूप आणि लायब्ररी शिकायची असते. तक्ता फुलांच्या पाकळ्यांचा असला तरी चालेल. डॉक्टरांच्या बाबतीत गोष्ट उलटी आहे. कोड ते नंतर कुणाकडून तरी लिहून घेणार आहेत. उद्या एखादी कंपनी त्यांच्या हॉस्पिटलला सॉफ्टवेअर विकायला येईल तेव्हा टेबलाच्या त्या बाजूला हेच बसलेले असतील, आणि ‘शून्यं कशाची आहेत?’ हे त्यांनाच विचारावं लागेल.

म्हणून मी पीमाचा तक्ता काढून टाकलेला नाही. उलट पहिले दोन शनिवार फक्त तोच असतो, छापील कागदावर, लॅपटॉप बंद. त्यानंतर प्रत्येकाने आपल्या कामातला एक प्रश्न घेऊन रिकामा तक्ता आखायचा: ओळ म्हणजे पेशंट की भेट, कोण येतच नाही, ‘माहीत नाही’ कसं लिहायचं. बालरोगतज्ज्ञ मॅडमनी लसीकरण चुकलेल्या मुलांचा तक्ता घेतला आणि ऊसतोडीला गेलेल्या घरांपाशी अडकल्या. ती मुलं चुकली की दुसऱ्या गावात नोंदली गेली? त्यांनी त्यासाठी एक रकाना वाढवला, मग तो खोडून दोन केले. आयोजकांची तक्रार आहे की सहा आठवडे झाले तरी या बॅचने एकही मॉडेल बनवलेलं नाही, आणि प्रमाणपत्रावर ‘मशीन लर्निंग’ असं छापायचं आहे. तक्रार खरी आहे. पुढच्या शनिवारी लॉजिस्टिक रिग्रेशन घेईन म्हणून मी कबूल केलं आहे. तोवर मॅडमचे रकाने ठरतील असं वाटत नाही.