चालू चिपची अंशतः पुनर्रचना : एका तांत्रिक दाव्याची चिकित्सा

प्रस्तावना :

हार्डवेअर हे कायमचे आणि सॉफ्टवेअर हे बदलते, ही विभागणी संगणकशास्त्रात दीर्घकाळ गृहीत धरली गेली. लॉस एंजलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील जेराल्ड एस्ट्रिन यांनी १९६० मध्ये तिला पर्याय सुचविला. एक स्थिर संगणक आणि त्याच्या जोडीला गरजेनुसार रचना बदलणारा भाग, अशी त्यांची कल्पना होती. १९८५ मध्ये झायलिंक्स कंपनीची एक्ससी२०६४ ही फील्ड प्रोग्रॅमेबल गेट अ‍ॅरे, म्हणजेच एफपीजीए चिप आली आणि या कल्पनेस साजेसे साधन मिळाले. पुढे चिपचा एक भाग चालू ठेवून दुसरा बदलण्याची सोयही झाली. तिलाच 'अंशतः पुनर्रचना' असे म्हणतात. 'चिप न थांबविता तिचा भाग बदलता येतो' हे विधान वर्गात आणि उत्पादकांच्या माहितीपत्रकांत सहजपणे केले जाते. ते खोटे नाही; परंतु ते कोणत्या अटींवर खरे ठरते, याची चर्चा क्वचितच होते. त्या अटींची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

तंत्राचे स्वरूप :

एफपीजीएमधील मंडल कायमचे कोरलेले नसते. लुक-अप टेबल, फ्लिप-फ्लॉप आणि त्यांना जोडणाऱ्या तारा यांनी कसे वागावे हे बहुतेक चिपमध्ये एका स्मृतीतील बिट ठरवितात. हे बिट बदलले की मंडल बदलते. अंशतः पुनर्रचनेत चिपचे दोन विभाग केले जातात : स्थिर विभाग आणि बदलता विभाग. बदलत्या विभागापुरती बिटस्ट्रीम लिहिली जात असताना स्थिर विभाग आपले काम करीत राहतो.

येथे काळाचा हिशेब महत्त्वाचा ठरतो. ३२ बिट रुंदीच्या आणि १०० मेगाहर्ट्झ वेगाच्या अंतर्गत मार्गाने सेकंदाला जास्तीत जास्त ४०० मेगाबाइट माहिती लिहिता येते. त्या गतीनेही १ मेगाबाइटची बिटस्ट्रीम लिहिण्यास २.५ मिलिसेकंद लागतात. माणसाच्या दृष्टीने हा अवधी नगण्य आहे. परंतु २०० मेगाहर्ट्झवर चालणाऱ्या शेजारच्या मंडलासाठी तेवढ्यात क्लॉकची ५ लाख आवर्तने होऊन जातात. त्या काळात बदलता विभाग ना जुना असतो ना नवा. त्यातून बाहेर येणाऱ्या तारांवर कोणतेही मूल्य असू शकते.

चिकित्सा :

यावरून पहिला मुद्दा स्पष्ट होतो. 'चालू राहणे' हा चिपचा अंगभूत गुण नसून तो रचनाकाराने सीमेवर केलेल्या बंदोबस्ताचा परिणाम आहे. बदलापूर्वी सुरू असलेले व्यवहार पूर्ण करावे लागतात, सीमेवरील तारा तात्पुरत्या विलग कराव्या लागतात, जुन्या मंडलातील आवश्यक माहिती अन्यत्र जपावी लागते आणि नवे मंडल ज्ञात अवस्थेत आणूनच पुन्हा जोडावे लागते. यांपैकी एक पायरी चुकली तरी स्थिर विभाग चालू असूनही चुकीचे काम करीत राहतो. बंद पडलेली यंत्रणा निदान दिसते. चुकीची चालणारी दिसत नाही.

मायक्रोसॉफ्टने २०१४ मध्ये बिंग शोधसेवेसाठी १,६३२ सर्व्हरवर केलेल्या एफपीजीए प्रयोगाचा अहवाल प्रसिद्ध केला. तेथे बदल संपूर्ण चिपचा होता. तरीही सीमेचा प्रश्न तोच होता. रचना बदलत असलेली चिप यजमान संगणकाला बिघडलेली वाटू शकत होती आणि शेजारच्या चिपकडे खऱ्यासारखे भासणारे निरर्थक संदेश पाठवू शकत होती. म्हणून बदलाआधी शेजाऱ्यांना सूचना देण्याची आणि बदलानंतर येणारे संदेश काही काळ टाकून देण्याची व्यवस्था करावी लागली.

दुसरा मुद्दा 'भाग' या शब्दाविषयी आहे. आराखड्यावर आखलेली सीमा ही तार्किक सीमा असते. वीजपुरवठा आणि चिपचे तापमान हे घटक ती सीमा मानीत नाहीत. ससेक्स विद्यापीठातील एड्रियन थॉम्पसन यांनी १९९६ मध्ये एक्ससी६२१६ चिपच्या १०० पेशींवर उत्क्रांतीच्या पद्धतीने, क्लॉकविना, १ आणि १० किलोहर्ट्झचे स्वर ओळखणारे मंडल घडविले. त्यातील काही पेशींचा निर्गमाशी तारेने कोणताही संबंध नव्हता. तरीही त्या गोठविताच मंडलाचे वर्तन बिघडले. क्लॉकच्या शिस्तीत बांधलेल्या नेहमीच्या मंडलांत असा परिणाम सहसा डोके वर काढीत नाही. पण तो नाहीसा होत नाही. एकाच चिपवरील एका मंडलाला शेजारच्या मंडलाच्या वीजवापरातील चढउतार मोजता येतो, हे २०१८ मधील सुरक्षाविषयक संशोधनाने दाखविले. एक चिप अनेकांना वाटून द्यावयाची असेल, तर ही बाब केवळ सैद्धांतिक राहत नाही.

तिसरा मुद्दा गरजेचा आहे. १८ फेब्रुवारी २०२१ रोजी मंगळावर उतरलेल्या पर्सिव्हिअरन्स यानात उतरताना भूभाग ओळखण्यासाठी वापरलेली एफपीजीए नंतर वाहन चालविण्यासाठीच्या प्रतिमाप्रक्रियेकडे वळविण्यात आली. दोन कामांच्या मध्ये थांबण्यास अवकाश असेल, तेथे संपूर्ण रचना नव्याने भरणे हाच सोपा आणि तपासण्यास सुकर मार्ग असतो. अंशतः पुनर्रचना तेथेच समर्थनीय ठरते, जेथे स्थिर विभाग थांबणे खरोखर परवडत नाही. उदाहरणार्थ, यजमान संगणकाशी जोडणी टिकविणे किंवा संदेशवहन अखंड ठेवणे. केवळ लहान चिपमध्ये अधिक काम बसविण्याच्या मोहाने हे तंत्र स्वीकारल्यास वाचलेली जागा पडताळणीच्या श्रमांत खर्ची पडण्याचा संभव असतो, कारण प्रत्येक पर्यायी मंडल स्थिर विभागासह तपासावे लागतेच, शिवाय त्यांच्यामधील संक्रमणेही तपासावी लागतात.

निष्कर्ष :

अंशतः पुनर्रचनेचे मूल्य बदलत्या भागाच्या चमत्कारात नसून न बदलणाऱ्या भागाच्या शिस्तीत आहे. अध्यापनात मात्र याच्या उलट घडण्याचा धोका असतो. दोन मंडले आलटूनपालटून भरून दाखविली आणि दिवे वेगळ्या क्रमाने लागले, की प्रात्यक्षिक यशस्वी मानले जाते. त्याऐवजी बदल चालू असतानाच्या त्या २.५ मिलिसेकंदांत सीमेवरील तारांवर काय होते, बिटस्ट्रीम अर्धवट राहिल्यास यंत्रणा कोणत्या अवस्थेत जाते आणि तेथून ती कशी सावरते, हे विद्यार्थ्याला दाखविता आले पाहिजे. या प्रश्नांची उत्तरे देऊ शकणारी रचनाच 'न थांबता बदलते' असे म्हणण्यास पात्र ठरते.